डासांना पाजणारा हात

पहिला पिंजरा बुधवारी मेला.

डास मरतात, त्यात नवल नव्हतं. डासघरात ते रोज शेकड्यांनी मरत. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी काळ्या चुऱ्यासारखे पडलेले असत आणि तो ते ओल्या कापसानं टिपून घेई. पण हे मरण वेगळं होतं. सोमवारी त्याच्या हातावर पोटभर प्यालेल्या ऐंशी माद्या मंगळवारी जाळीवर नीट बसेनात. पाय घसरत होते. एखादी उडायची, उताणी पडायची आणि पंख थरथरवत जागच्या जागी गोल फिरायची. बुधवारी सकाळी सगळ्या तळाशी. पोटं अजून लाल. वर साखरपाण्याच्या बोळ्यावर नर मात्र मजेत बसले होते.

नर रक्त पीत नाहीत.

हे त्यानं पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

संस्थेत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. अन्नदाता म्हणत. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी चेष्टेनं म्हटलं होतं, मग चेष्टा झिजून गेली आणि शब्द राहिला. फाटकावरचा रखवालदार तेवढा अजून त्यातली मजा सोडत नव्हता. "काय अन्नदाते, आज किती पंगती?" तो रोज विचारायचा. "दोन," हा सांगायचा, "पाहुणे हावरे आहेत, वाढायला येता का?" रखवालदार हात मागे लपवायचा. हा विनोद दोघांनी हजारो वेळा केला होता आणि दोघांनाही तो लागायचा, सकाळचा चहा लागतो तसा.

काम सांगायला सोपं होतं. डासघरात घड्याळ उलटं चालायचं. बाहेर सकाळचे दहा वाजले की आत दिवे हळूहळू मंद करत आणि कातरवेळ आणत, कारण या जातीचे डास कातरवेळीच चावायला निघतात. त्या आणलेल्या अंधारात तो स्टुलावर बसायचा, शर्टाची डावी बाही खांद्यापर्यंत गुंडाळायचा, डोळे मिटून चार शब्द मनात म्हणायचा आणि जाळीच्या पिंजऱ्याला शिवलेल्या कापडी तोंडातून हात आत घालायचा. पंधरा मिनिटं. हात हलवायचा नाही, बोटं आवळायची नाहीत, श्वास दुसरीकडं सोडायचा. रक्त प्यायल्याशिवाय मादीला अंडी घालता येत नाहीत, आणि अंड्यांशिवाय पुढची पिढी नाही. बावीस वर्षांत त्याच्या एका हातावर शेकडो पिढ्या वाढल्या होत्या. त्यातल्या एकीनंही कधी उघडं आकाश पाहिलं नव्हतं.

हात घालण्याआधी नोंदवहीत रोज तीन ओळी लिहायच्या. ताप नाही. औषध घेतलेले नाही. साबण, तेल, अत्तर लावलेले नाही. खाली सही. वही मॅडमनी सुरू केली होती. मॅडम म्हणजे डासघराच्या प्रमुख; पंचेचाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. त्या त्याला काका म्हणत. सात वर्षं निवडून निवडून त्यांनी डासांची एक ओळ तयार केली होती, जिच्या पोटात हिवतापाचा जंतू जगत नाही. आत जातो आणि मरतो. अशी जात बाहेरच्या डासांत मिसळली तर ताप एक दिवस संपेल, असं मॅडम म्हणत. पण ही ओळ नाजूक होती. इतर डास कातडीसारख्या ताणलेल्या पडद्यातून बाटलीतलं रक्त पितात. या पीत नसत. यांना जिवंत हातच लागे. "तुम्ही लाडावून ठेवल्यात," मॅडम म्हणायच्या.

त्या एका हाताला संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी होती. समितीतल्या सात माणसांनी त्याला एकदा लांब टेबलाच्या टोकाला बसवून विचारलं होतं, "तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

"नाही."

"मग हे का करता?"

"कुणीतरी पाजायला हवं."

त्यांनी कागदावर 'स्वेच्छेने' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्याचा मुलगा नवव्या वर्षी तापानं गेला. सोमवारी शाळेतून थंडी वाजते म्हणत आला, गुरुवारी त्याला आई ओळखू येईना, शुक्रवारी संपलं. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला, एक डास पुरतो. तो एक डास कुणीच पाहिला नव्हता. त्यानंतर बरेच दिवस त्याला देव आणि डास यांच्यात फरक करता येईना. दोघांनी मिळून पोर नेलं असंच वाटे. प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्याला त्यानं तसं तोंडावर सांगितलं. म्हातारा रागावला नाही. "दोघांपैकी एकाशी तरी समेट कर," म्हणाला. "दोघांशी भांडून माणूस जगत नाही."

त्यानं दोघांशी केला. डासघरात माणूस हवा होता, तो गेला. पोराचं रक्त न विचारता नेलं होतं. आपलं आपण होऊन द्यायचं, असं त्यानं ठरवलं. हात घालताना तो जे चार शब्द म्हणायचा ते हेच होते: हे माझं, राजीखुशीनं घे. 'घे' कुणाला उद्देशून होतं, हे त्यानं स्वतःशीही कधी स्पष्ट केलं नाही.

बायकोनं समेट केला नव्हता. ती घरी शिवणकाम करायची. मशीनवर वाकलेली असताना डास कानाशी आला तर ती पाय थांबवायची, वाट बघायची आणि टाळी वाजवायची. मग तळवा उघडून बघायची. नवरा काय काम करतो हे तिला माहीत होतं. एवढ्या वर्षांत त्यावर ती त्याला फक्त एकदा बोलली होती: "तुमचं तुमच्यापाशी. मला सांगत जाऊ नका."

आता खाज.

पहिला पिंजरा मरायच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या गल्लीत खरजेची साथ आली होती. त्याला कंबरेला आणि काखेत उठली. हातावर नव्हती, आणि तेवढ्यावर तो देवाचे आभार मानत होता; हातावर दिसली असती तर मॅडमनी त्याच दिवशी स्टुलावरून उठवलं असतं. त्यानं कामावर सांगितलं नाही. खाज म्हणजे काही ताप नव्हे, वहीत खाजेची ओळ नव्हती. आरोग्यखात्याची बाई दारोदार गोळ्या देत आली. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायच्या, आठवड्यानं पुन्हा, म्हणाली.

"मला चालत नाहीत," त्यानं बायकोला सांगितलं. "रक्तात औषध चालत नाही."

"मग मी एकटीनं घेऊन काय दिवे लावायचे? तुमची खरूज तुम्ही मला परत देणारच."

"मी नाही घेणार."

"ओरबाडून घ्या मग स्वतःला. पाठीला रक्त येतंय ते चालतं वाटतं तुमच्या मॅडमना?"

औषध नाही, तर दुसरा उपाय एकच होता. तो रोज प्रार्थनेत मागू लागला: हे एवढं काढून घे. तुझ्या कामासाठीच मागतोय. आणि पुढच्या आठवड्यात खाज ओसरली. कंबरेवरच्या पुटकुळ्या सुकल्या. एका सकाळी आंघोळ करताना त्याच्या लक्षात आलं की आपण कालपासून एकदाही खाजवलेलं नाही. पाणी अंगावरून ओघळत होतं आणि तो तसाच उभा राहिला. पोर गेल्यापासून त्यानं काही मागितलंच नव्हतं. पहिल्यांदा मागितलं आणि मिळालं. बाहेर येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "गेली बघ. बिनगोळीची." ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मग दुधाचं भांडं घासायला वळली.

त्यानंतरच्या बुधवारी पहिला पिंजरा मेला.

मॅडमना वाटलं साखरपाणी आंबलं असेल. ते बदललं. गुरुवारी दुसऱ्या पिंजऱ्यात हात गेला. शनिवारी तोही मेला. मग मॅडमनी व्हरांड्यात कुणी फवारणी केली का याची चौकशी केली, जाळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या, खोलीतली हवा, ओल, सगळं मोजलं. सोमवारी तिसऱ्या पिंजऱ्यात हात गेला. यावेळी तो हात बाहेर काढून तिथंच बसून राहिला, जाळीपाशी नाक नेऊन. दुपारपर्यंत काही झालं नाही. संध्याकाळी एक मादी जाळीवरून सरकली, तिनं पुढचे दोन पाय वर उचलले आणि ते तिला पुन्हा टेकवता येईनात.

हात त्याचा होता. रक्त त्याचं होतं. ज्या प्याल्या त्याच मरत होत्या. आणि खाज? खाज गेली कुठं? गोष्टी नाहीशा होत नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं. मागितलेलं मिळतं तेव्हा ते कुठून तरी काढून दिलेलं असतं. देवानं खाज कातडीवरून उचलली आणि आत ढकलली, रक्तात, असं त्याला वाटू लागलं. तू राजीखुशीनं देतोस ना? मग दे आता, असलं. घरी पाणी पिताना तो पेल्यावर ओठ कमी टेकवू लागला. भाजी चिरताना बोटाला सुरी लागली तेव्हा त्यानं ते बोट तोंडात घातलं नाही. नळाखाली धरून रक्त पूर्ण वाहून जाईपर्यंत डोळे दुसरीकडं वळवले.

गुरुवारी मॅडमनी त्याला टेबलासमोर बसवलं. त्यांची रात्री झोप झालेली दिसत नव्हती.

"काका, नर जिवंत आहेत. तुमच्या लक्षात आलं होतं?"

"हो."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि बोलला नाहीत!"

मॅडमनी चष्मा शोधला, सापडला, लावला. "गोळी घेतलीत का कुठली? जंताची, खरजेची, कसलीही. एक औषध आहे, माणसाला त्याचं काही होत नाही, पण त्याचं रक्त प्यालेला डास दोन-तीन दिवसांत मरतो. असाच. पाय लुळे पडून."

'खरजेची' म्हटल्यावर त्यानं कंबरेवरचा शर्ट खाली ओढला. पण प्रश्न गोळीचा होता, आणि गोळी त्यानं घेतली नव्हती. उलट घेतली नव्हती म्हणूनच तर हे सगळं.

"नाही मॅडम."

"आठवून सांगा. डोकं दुखलं, पोट बिघडलं, कुणी दिली... मी रागावणार नाही."

"देवाशपथ सांगतो. गोळी तोंडात गेली असेल तर ही जीभ झडो."

मॅडमनी पेन उचललं. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. कुणी विषय काढला तर त्या हसून दुसरं काम काढत. पण त्याच्या देवावर होता. बावीस वर्षांत या माणसानं साधी उशिरा येण्याची वेळही खोटी लिहिली नव्हती. त्यांनी समोरच्या कागदावर 'औषध' असं लिहिलं होतं, त्यावर रेघ मारली.

"मग कातडीवर काहीतरी असणार," त्या म्हणाल्या. "कपड्याचा साबण, शिलाई मशीनचं तेल. उद्या हात तीनदा शुद्ध पाण्यानं धुवू आणि चौथा पिंजरा घेऊ."

"चौथा नको, मॅडम."

"शेवटचा आहे म्हणून? म्हणूनच घ्यायचा. त्या माद्या म्हाताऱ्या होतायत. तीन-चार दिवसांत प्याल्या नाहीत तर अंडी नाहीत, आणि ओळ संपली. तुमचं रक्त तपासायला पाठवते, पण उत्तर यायला पंधरा दिवस."

"दुसऱ्या कुणाचा हात..."

"समितीची बैठक पुढच्या महिन्यात."

"माझं रक्त नासलंय, मॅडम."

त्या दमलेल्या असूनही हसल्या. "रक्त नासत नाही हो काका. दूध नासतं."

इथं त्याला खाजेचं सांगता आलं असतं. एक वाक्य. खाज होती, गेली, औषध न घेता गेली. पण ते सांगायचं म्हणजे पंधरा दिवस लपवलं हे सांगायचं, आणि मिळालेलं दान टेबलावर ठेवून दाखवायचं, म्हणजे मॅडम त्याला चष्म्यातून बघणार. तो उठला आणि पिंजऱ्यांच्या खोलीत गेला. चौथ्या पिंजऱ्यात ऐंशी जणी डोकं खाली, मागची बाजू वर करून बसल्या होत्या, या जातीच्या बसतात तशा, आणि त्याच्या श्वासाच्या दिशेनं वळत होत्या.

संध्याकाळी बायको मशीनवर होती. त्यानं चपला काढता काढता सांगितलं, तिनं सांगू नको म्हटलं होतं तरी. शेवटचा पिंजरा उरला. उद्या त्यात हात घालायचा. मॅडमनी गोळीचं विचारलं, मी शपथ घेतली.

"कसली शपथ?"

"देवाची. गोळी घेतली असेल तर जीभ झडो म्हटलं."

सुई कापडाच्या कडेबाहेर गेली आणि हवेतच खालीवर होत राहिली. मग तिचे पाय थांबले.

"शपथ कशाला घ्यायची? नुसतं नाही म्हणता येत नव्हतं?"

"खऱ्याला काय भीती?"

"उद्या जाऊ नका."

"का?"

"बरं नाही म्हणून सांगा."

"बरं आहे की मला. असं बरं कित्येक दिवसांत नव्हतं."

ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, ओठांकडं, जणू तिथं आत्ताच काही घडणार आहे. मग तिनं मान खाली घातली आणि उसवलेला टाका शोधू लागली. त्याला वाटलं, हिलाही कळलंय. मी आतून कसा झालोय ते घरच्यांना आधी कळतं.

शुक्रवारी त्याचा हात तीनदा धुतला गेला. मॅडमनी स्वतः पाणी ओतलं. वहीत त्यानं तीन ओळी लिहिल्या. दुसरी ओळ लिहिताना पेन अडलं, शाई येईना. झटकून पुन्हा लिहिली. आतली संध्याकाळ झाली. तो स्टुलावर बसला, डोळे मिटले, आणि चार शब्द आलेच नाहीत. राजीखुशीनं हा शब्दच निघेना. त्यानं त्यांच्याशिवायच हात आत घातला.

पहिली लगेच आली. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं निळी शीर वर आलेली असते, तिथं टेकली. मग दुसरी. मग मोजता येईनात. त्याला त्यांचं टोचणं बरीच वर्षं जाणवत नव्हतं. आज प्रत्येकीचं जाणवत होतं. त्यांची पोटं आधी काचेसारखी असत, मग तळापासून गुलाबी होत, मग लाल, मग काळपट. पिऊ नका, तो मनात म्हणाला. उडा. हात मात्र हलला नाही. बावीस वर्षांची सवय भीतीपेक्षा जुनी होती.

त्याच वेळी फाटकावर त्याची बायको उभी होती. हा भाग रखवालदारानं नंतर सगळ्यांना रंगवून सांगितला. ती चालत आली होती, चालत म्हणजे जवळजवळ पळत, आणि तिला दम लागला होता.

"आत फोन लावा. त्यांना म्हणावं हात घालू नका."

"वहिनी, अहो, नोकरीच ती आहे त्यांची."

"मी औषध घातलंय त्यांना."

रखवालदार खुर्चीतून उठला. "घातलंय म्हणजे? विष?"

"खरजेचं हो! दुधातून. दोनदा."

"मग हे घरी सांगायचं! फाटकावर कसला कबुलीजबाब?"

"घरी धीर झाला नाही. आधी लावा तो फोन, मग मला काय बोलायचं ते बोला."

मॅडमनी फोन उचलला, ऐकला, आणि पिंजऱ्यांच्या खोलीच्या काचेवर तळवा आपटला. "काका, हात काढा. हळू. झटकू नका." सात मिनिटं झाली होती. त्यानं हात बाहेर काढला तेव्हा त्याला वाटलं, झालं, मेल्या, इतक्या लवकर. मग मॅडमनी दिवे लावले आणि सांगितलं, तिथंच, आडपडदा न ठेवता, कारण वेळ नव्हता. त्या आधीच काचेची नळी हातात घेऊन पिंजऱ्यापाशी बसल्या होत्या. पोट लाल झालेल्या एका बाजूला, रिकाम्या पोटाच्या दुसऱ्या बाजूला, एकेक ओढून. लाल एक्कावन्न निघाल्या. कोऱ्या एकोणतीस.

"सुटलो," मॅडम म्हणाल्या. "कारण सापडलं. तुमच्या रक्तात काही नासलेलं नाही, काका. साधी गोळी आहे. देव-बिव कुणी काही केलेलं नाही."

"मी शपथ घेतली, मॅडम."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"ज्याची घेतली त्याला माहीत होतं ना."

मॅडमनी नळी खाली ठेवली.

कारण सापडलं म्हणून त्याची भीती गेली नाही. भीतीला फक्त पत्ता मिळाला. काल रात्रीपर्यंत देवानं त्याच्याशी काहीतरी केलं होतं, वाईट का होईना. आज कळलं, देव तिथं नव्हताच. दुधाचं भांडं होतं. आणि शपथ मात्र त्यालाच पोचली होती. तो जीभ दातांवरून फिरवून पाहत होता. दिवसभर पाहत राहिला.

बायको व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, पदर मुठीत. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? तुम्ही ओल्या अंगानं बाहेर आलात आणि म्हणालात, गेली, बिनगोळीची. तुमचा चेहरा तुम्ही पाहिला नव्हता. मी पाहिला. एवढ्या वर्षांत तसा चेहरा नव्हता तुमचा. त्या चेहऱ्याला मी काय सांगू, की देव नव्हे, मीच?"

"मग आज का?"

"शपथ घेतलीत म्हणून. एक गेलाय माझा. तुमच्यावर काही आलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?"

आतून मॅडमनी हाक मारली. त्यांनी स्वतःची उजवी बाही वर केली होती. त्यांचा हात गोरा आणि बारीक होता, आतापर्यंत फक्त लिहिण्याचं काम केलेला. "कोऱ्या एकोणतीस आहेत. आज पाजायलाच हव्यात."

"समिती..."

"समितीला मी सांगेन. आधी अंडी, मग माफी." वहीत त्यांनी तीन ओळी लिहिल्या, खाली स्वतःची सही केली आणि त्याखाली 'परवानगीविना' हा शब्द लिहून त्याला दोनदा अधोरेखित केलं. मग दिवे पुन्हा मंद करून स्टुलावर बसल्या. हात कापडी तोंडापाशी गेला आणि थांबला.

"या इथंच जन्मल्या," त्या म्हणाल्या, त्याला नव्हे, हवेला. "यांच्या आया, आज्या, सगळ्या इथं. यांच्यात ताप नाही. असणं शक्यच नाही. मीच सिद्ध केलंय." हात तसाच. "मग मला भीती का वाटतेय, काका?"

"हात तुमचा आहे म्हणून."

त्यानं त्यांचं कोपर खालून धरलं. हात एकदम आत गेला की माद्या बिचकतात, म्हणून त्यानं तो इंचाइंचानं आत सरकवला. पहिल्या डंखाला मॅडमच्या घशातून आवाज निघाला, लहान मुलीचा. "हलू नका," तो म्हणाला. त्यांनी डोळे मिटले. त्या काही म्हणत होत्या की नुसते दात आवळत होत्या, ते त्याला अंधारात कळलं नाही.

एक्कावन्न लाल माद्या रविवारपर्यंत मेल्या. त्या त्यानंच टिपल्या. दुसऱ्या कुणाला टिपू दिल्या नाहीत. सोमवारी ओल्या कागदावर अंडी दिसली. बारीक, काळी, होडीच्या आकाराची. एकोणतिसातल्या एकोणीस जणींनी घातली होती. मॅडमनी ती भिंगाखाली पाहिली, त्याला पाहायला लावली, आणि नंतर समितीला पत्र लिहायला बसल्या. ओळ वाचली होती. त्याचा हात बंद झाला होता. किती दिवस ते मॅडमनाही नक्की सांगता येईना. दोनदा घेतलेली गोळी, दोन-तीन आठवडे तरी, कदाचित जास्त. तोवर त्यानं पिंजरे धुवायचे, अळ्यांना खाणं घालायचं. नोंदवहीतलं त्याचं पान कोरं राहिलं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको दाराबाहेरच्या पायरीवर बसली होती. मशीन बंद होती. गटाराच्या बाजूनं डासांचा थवा उठला होता, रोज या वेळेला उठतो तसा, आणि तिनं नेहमीसारखं दार लावून घेतलं नव्हतं. तो शेजारी बसला.

"मॅडम किती दिवस म्हणाल्या?"

"दोन-तीन आठवडे."

"माझ्या रक्ताचंही तसंच असेल ना? मीही दोनदाच घेतल्या."

"असेल."

तिनं दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या आणि हात मांडीवर उताणे ठेवले. एवढ्या वर्षांत त्यानं तिला डासापुढं हात ठेवताना पाहिलं नव्हतं. एक आला. मनगटाशी बसला. ती टाळी वाजवेल म्हणून तो थांबला. तिनं वाजवली नाही.

"उडव तो," तो म्हणाला.

"बसू दे. पोटभर पिऊ दे."

दुसरा बसला. तिसरा तिच्या बोटाच्या पेरावर. ती हलत नव्हती. हात कसा ठेवायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिला येत होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तो घाबरला नसता. पंधरा दिवसांपूर्वी आंघोळीहून बाहेर येताना आपला चेहरा असाच असेल का, असं त्याला वाटलं, आणि त्यानं तिच्याकडं बघणं सोडून दिलं.

"तुम्हीही करा ना वर," ती हळूच म्हणाली. "तुमचा हात तर त्यांच्या ओळखीचा आहे."

त्याच्या शर्टाच्या बाहीचं बटण लागलेलं होतं. त्यानं दुसऱ्या हातानं ते मनगटाशी घट्ट धरलं. कापडाखाली हात गरम होता, आणि गटाराकडून ते येतच होते.